घोड्याचा पाय मोडला की प्लास्टर घालून वाचवत का नाहीत?

विचारलेला प्रश्न असा: टीव्हीवर ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची शर्यत बघताना एक घोडा पडला, लगेच त्याच्याभोवती हिरवे पडदे लावले आणि नंतर कळलं की त्याला मारून टाकलं. माणसाचा पाय मोडला तर सहा आठवडे प्लास्टर घालतात, मग घोड्याला ती संधी का नाही? आणि जे धडधाकट राहतात त्यांचं निवृत्तीनंतर काय होतं?

आधी पडद्यांचं सांगतो. पडदे लागले म्हणजे घोडा गेला असं धरून चालू नका. पडलेल्यांपैकी बरेच घोडे नुसते दम कोंडून पडलेले असतात. पाचशे किलोचं जनावर भरधाव वेगात जमिनीवर आदळलं की छातीतली हवा निघून जाते. ते काही मिनिटं मान टाकून पडून राहतं, मग पुढचे पाय समोर रोवतं, एक हिसका देतं आणि उठून अंग झाडतं. तेवढा वेळ त्याला ओढून उठवायचं नसतं. एक माणूस डोक्याशी बसून मान हलकेच धरून ठेवतो, पशुवैद्य चारही पाय वरून खाली चाचपत जातो आणि बाहेरच्या गोंगाटापासून घोड्याला आडोसा मिळावा म्हणून पडदे उभे राहतात. दुसऱ्या फेरीत घोडे परत त्याच अडथळ्याकडे येणार असतील तर त्यांना तिथून वळसा घालून पुढे नेतात, म्हणजे उपचार करणाऱ्यांना घाई होत नाही.

आता पायाकडे येऊ. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरं तर त्याचं मनगट आहे. त्याखालचं नळीचं हाड म्हणजे आपल्या तळहातातलं मधलं हाड, आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं नख. घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. गुडघ्याखाली हात फिरवून बघा: कातडी, हाड, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा आणि थोड्या रक्तवाहिन्या. मांस नाहीच. माणसाच्या मांडीचं हाड मोडलं तर भोवतीचं मांस त्याला आधार देतं, रक्त पुरवतं. घोड्याच्या नळीचं हाड मोडलं तर त्याचं टोक पातळ कातडी फाडून सहज बाहेर येतं. मातीने, शेणाने भरलेल्या जमिनीवर एकदा हाड उघडं पडलं की जंतूंचा प्रवेश झालाच, आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे औषधही तिथे पुरेसं पोचत नाही.

चौखूर धावताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याच्या त्या एका पायावर क्षणभर सव्वा टन. त्यात ६३ ते ७५ किलोंचा जॉकी आणि खोगीर वेगळं. अडथळ्यावरून उतरताना आधी एक पुढचा पाय टेकतो, मग दुसरा, आणि मागचे पाय येईपर्यंत सगळा डोलारा त्या दोघांवर असतो. अशा वेळी मोडणारं हाड बहुधा काचेसारखं तुकडे होऊन फुटतं. सरळ एक चीर पडून दोन भाग झाले, असं नशीब थोड्यांचंच.

तरीही हाड मोडणं हा अडचणीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग उरलेल्या तीन पायांचा आहे, आणि माझ्या मते घोड्याचा निकाल तिथेच लागतो.

माणूस पलंगावर पडून राहू शकतो. घोडा राहू शकत नाही. तो दिवसातला बहुतेक वेळ उभा असतो, डुलकीही उभ्याने काढतो. त्याला तासन् तास आडवा ठेवला तर खालच्या बाजूच्या स्नायूंचा रक्तपुरवठा दबून ते मरू लागतात, खालचं फुप्फुस मिटतं, आतडी सुस्तावतात आणि पोटशूळ सुरू होतो. म्हणजे शस्त्रक्रिया झाली की तासाभरात त्याने स्वतःच्या पायांवर उठायलाच हवं आणि नुकत्याच जोडलेल्या हाडाने पहिल्याच दिवशी पाचशे किलोंतला आपला वाटा उचलायला हवा. भुलीतून उठण्याची वेळ तर सगळ्यात धोक्याची. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, अर्धवट शुद्धीत तो आधी उठून पळायला बघतो. अमेरिकेतल्या रफियन या घोडीचं १९७५ मध्ये हेच झालं. शस्त्रक्रिया पार पडली, पण शुद्धीवर येताना ती झोपल्या जागी धावल्यासारखे पाय झाडू लागली आणि जोडलेला पाय पुन्हा मोडला.

समजा हेही निभावलं. आता दुखऱ्या पायावर भार टाकायला घोडा तयार नसतो, म्हणून समोरचा जोडीचा पाय दिवसरात्र दुप्पट वजन वाहतो. खुराच्या आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं, वेलक्रोच्या दोन पट्ट्या एकमेकींत गुंतल्यासारखं. या पापुद्र्यांना रक्त मिळतं ते पाय टेकण्या-उचलण्यातून. पाऊल उचललं की रक्त भरतं, टेकलं की पुढे ढकललं जातं. पाय उचललाच नाही तर पापुद्रे उपाशी पडतात, सुटू लागतात आणि वरच्या वजनाने आतलं हाड फिरतं किंवा खाली बसतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. ही वेदना फार भयंकर असते, आणि ती चांगल्या पायात होते. खुराला हात लावला तर तो गरम लागतो, मागच्या बाजूने बोट ठेवलं तर नाडी ठणकताना जाणवते, आणि घोडा वजन टाचेकडे ढकलून पुढचे पाय लांब पसरून उभा राहतो. ही ठेवण दिसली की मोडक्या पायाचा एक्स-रे कितीही चांगला असो, चित्र वाईट आहे.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बार्बारोचं. तो सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतीचा घोडा, पण धडा तोच. २००६ ची केंटकी डर्बी जिंकल्यावर दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनियात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून पाय जोडला, भुलीतून उठताना पाय आपटू नयेत म्हणून त्याला पाण्याच्या तलावात तरंगत ठेवून शुद्धीवर आणलं. मोडलेला पाय बरा होत आला. पण जुलैत डाव्या मागच्या खुरात लॅमिनायटिस झाला, पुढे पुढच्या पायांतही पसरला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं. पैसा, तज्ज्ञ, यंत्रं यातलं काहीही कमी पडलं नव्हतं.

उलट बाजूही सांगायला हवी. इंग्लंडचा डर्बीविजेता मिल रीफ १९७२ मध्ये सरावात पुढचा डावा पाय मोडून बसला. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर घातलं आणि तो पुढे १९८६ पर्यंत पैदाशीसाठी जगला. ज्यांनी त्याला सांभाळलं ते त्याच्या शांत स्वभावाला मोठं श्रेय देतात, आणि ते रास्त आहे. स्टॉलमध्ये उभा राहून निमूट वैरण खाणारा घोडा आणि दाराला लाथा मारणारा घोडा, दोघांचा एक्स-रे सारखा असला तरी भविष्य सारखं नसतं.

इथे पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीतले बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात. मिल रीफसारख्या वळूला लंगडा का होईना पण पैदाशीचं आयुष्य असतं, म्हणून मालक वर्षभराचा खर्च करतो. खच्ची घोड्याला ती वाट नाही. जो पाय जोडून घोडा किमान कुरणात विनावेदना चालू शकेल, तो पाय केवळ खर्चाकडे बघून सोडून देणं मला मान्य नाही. पण जिथे मालकाने तिजोरी उघडली तरी शेवट लॅमिनायटिसचाच आहे, तिथे घोड्याला तीन महिने त्या वाटेने ओढणं ही दया नव्हे.

मग कोणता पाय वाचतो? नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या, म्हणजे खुराच्या थोडं वरच्या सांध्यात उभी चीर जाते पण हाड जागचं हलत नाही, तो घोडा बहुधा वाचतो. साडेचार मिलिमीटर जाडीचे स्क्रू आडवे घालून चीर आवळतात. अलीकडे ही शस्त्रक्रिया बऱ्याचदा घोड्याला उभं ठेवून, गुंगीचं औषध आणि पायापुरती भूल देऊन करतात, म्हणजे भुलीतून उठण्याचा धोकाच उरत नाही. घोट्याखालच्या हाडाची छोटी चीरही अशीच सांधते. गुडघ्यातले हाडाचे कपचे दुर्बिणीने काढता येतात. घोट्यामागची दोन्ही बारीक हाडं एकदम फुटली तर मात्र घोटा जमिनीला टेकतो, कारण त्याला उचलून धरणारी सगळी दोरीच तुटलेली असते. खांद्याखालचं दंडाचं हाड, मांडीचं हाड किंवा मागच्या पायाची पोटरीची नळी मोठ्या घोड्यात पूर्ण मोडून सरकली तर आजही हातात काही नाही. तिथे बाहेरून आधार बांधताच येत नाही.

कमरेच्या हाडाचं वेगळंच. तिथली बारीक चीर विश्रांतीने भरते, पण घोडा आडवा झाला आणि उठताना त्याने जोर लावला तर तीच चीर उघडते. म्हणून त्याला काही आठवडे असा बांधून ठेवतात की तो झोपूच शकणार नाही. आतलं टोक सरकून मोठ्या धमनीत घुसलं तर घोडा आतल्या आत रक्तस्राव होऊन काही मिनिटांत जातो.

हे सगळं ट्रॅकवर काही मिनिटांत ठरवावं लागतं. नुकताच धावलेला घोडा उत्तेजित असतो. त्याला वेदना पूर्ण कळलेली नसते, तो मोडक्या पायावर चालायला बघतो. म्हणून पहिलं काम त्याला जागेवर थांबवणं. गुंगीचं औषध जपून द्यायचं, कारण जास्त झालं तर तो डुलतो आणि तोल सावरायला मोडकाच पाय टेकतो. रक्तदाब पाडणारी औषधं टाळायची. मग आधार. घोट्याखालची इजा असेल तर पुढच्या बाजूने बसणारी धातूची तयार पट्टी मिळते, ती पायाची हाडं एका रेषेत आणते. त्याच्या वर इजा असेल तर कापसाचे थर एकावर एक, प्रत्येक थर पट्टीने आवळत, पाय मूळच्या तिप्पट जाड होईपर्यंत, आणि मग मागून व बाहेरून लाकडी किंवा प्लास्टिकच्या खपच्या. गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं असेल तर बाहेरची खपची खांद्यापर्यंत वर न्यायची. कारण त्या हाडाच्या आतल्या बाजूला मांस नसतं, पाय बाहेर फाकला की टोक तिथूनच कातडी फाडतं. खपची सांध्यापाशी संपवली तर ती मोडलेल्या जागी तरफेसारखी काम करते आणि आधाराऐवजी इजा वाढवते.

अँब्युलन्सचा तळ जमिनीलगत असतो, चढ नको म्हणून. पुढचा पाय दुखावला असेल तर घोड्याचं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला, मागचा दुखावला असेल तर पुढच्या दिशेला. ब्रेक लागला की वजन गाडीच्या पुढच्या दिशेला जातं, ते चांगल्या पायांवर जायला हवं.

आणि जिथे वाचण्याची वाट नाही तिथे वेळ घालवायचा नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्य जो निकष लावतात तो साधा आहे: इजा इतकी गंभीर आहे का, की वेदना असह्य आहे, बरी होणारी नाही आणि त्या क्षणी दुसरा कोणताही उपचार उपलब्ध नाही. शक्य तिथे दुसऱ्या पशुवैद्याचं मत घेतात. दयामरण गोळीने किंवा शिरेतल्या इंजेक्शनने देतात. इंजेक्शनमध्ये एक औषध शुद्ध घालवतं आणि दुसरं हृदय थांबवतं. दोन्ही पद्धती नीट केल्या तर घोड्याला कळायच्या आत संपतं.

मृत्यूची सगळी प्रकरणं पायाचीच नसतात. अडथळ्यावर डोकं खाली जाऊन घोडा उलटा फिरला की मान मोडते. आयर्लंडची लाडकी घोडी डॉन रन १९८६ मध्ये पॅरिसच्या ओतोय ट्रॅकवर अशीच गेली, आणि २०२३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये हिल सिक्स्टीन पहिल्याच अडथळ्यावर. बेस्ट मेटने २००२, २००३ आणि २००४ असा सलग तीन वेळा चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला होता. २००५ मध्ये एक्झेटरला शर्यतीतून थांबवल्यावर तो कोसळला, हृदयविकाराचा झटका असावा असं मानलं गेलं. २०१५ चा नॅशनल विजेता मेनी क्लाउड्स जानेवारी २०१७ मध्ये चेल्टनहॅमला शर्यत जिंकून परतताना कोसळला, शवविच्छेदनात फुप्फुसातला मोठा रक्तस्राव सापडला. हृदयाचे ठोके अनियमित होणंही घडतं, पण ते नेहमी प्राणघातक नसतं. स्प्रिंटर साक्रला २०१३ च्या डिसेंबरात याच कारणाने शर्यत सोडावी लागली, आणि २०१६ मध्ये तो पुन्हा चॅम्पियन चेस ही मोठी शर्यत जिंकला.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना सपाट शर्यतींची सवय असते, म्हणून फरक सांगतो. ब्रिटनमध्ये सपाट शर्यतींत दर हजार धावांमागे साधारण एकाहून कमी घोडा मरतो, अडथळ्यांच्या शर्यतींत साधारण चार. ग्रँड नॅशनल सुमारे ६.९ किलोमीटरची, ३० अडथळ्यांची. लांब अंतरात थकवा येतो आणि थकलेला घोडा पाय पुरेसे उचलत नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जॉकी पडला तरी घोडा कळपाबरोबर धावत राहतो. २०१२ चा गोल्ड कप विजेता सिंक्रोनाइज्ड त्याच वर्षीच्या नॅशनलमध्ये बीचर्स ब्रुक या अडथळ्यावर पडला, उठला, रिकाम्या खोगिराने पुढे धावला आणि अकराव्या अडथळ्यावर त्याचा पाय मोडला.

त्यानंतर बदल झाले, आणि ते वरवरचे नाहीत. २०१३ पासून एनट्रीच्या, म्हणजे नॅशनल जिथे होते त्या ट्रॅकच्या, अडथळ्यांच्या गाभ्यातलं लाकूड काढून लवचीक प्लास्टिक घातलं. बीचर्स ब्रुकच्या पलीकडचा उतार कमी केला. २०२४ पासून घोडे ४० ऐवजी ३४, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून ६० यार्ड जवळ आणला, अकरावा दोन इंच खाली घेतला. पहिला अडथळा जवळ आणण्यामागचं कारण समजून घ्या: लांब मोकळी धाव मिळाली की सगळे घोडे पूर्ण वेगात, दाटीवाटीने पहिल्या उडीला येतात. अंतर कमी केलं की वेग कमी होतो. २०२४ मध्ये ३२ घोडे धावले, एकही पडला नाही. पण पुढच्याच वर्षी तेरा वर्षांचा सेलेब्र दालाँ शर्यतीनंतर कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्याच्या जॉकीला दमलेला घोडा पुढे रेटल्याबद्दल दहा दिवसांची बंदी झाली. अडथळ्यांचा धोका खाली आणता येतो, थकव्याचा धोका जॉकीच्या निर्णयातच असतो.

ब्रिटनभरच्या ट्रॅकवर अडथळ्यांच्या नारिंगी पट्ट्या पांढऱ्या केल्या, तो बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. घोड्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. आपल्याला भडक दिसणारा नारिंगी त्याला गवतात मिसळून जातो. पांढरी कडा त्याला लांबून दिसते आणि तो पायांचा अंदाज आधी घेतो.

शर्यत संपल्यावर घोडा अडखळतो, लाथा झाडतो, मागची बाजू डोलते, तेव्हा तो उष्माघाताच्या दारात असतो. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलेलं असतं. जॉकी लगेच उतरतो, खोगीर निघतं, आणि बर्फाचं पाणी बादल्यांनी मान, छाती, पोट आणि मांड्यांवर सतत ओततात. अंगावरचं पाणी निथळून काढत बसायची गरज नाही, गरम झालेलं पाणी पुढच्या बादलीने आपोआप खाली जातं. थांबायचं ते घोडा शांत उभा राहिल्यावर. गार पाण्याने स्नायू आखडतात ही जुनी समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी घोडे गेले आहेत.

आता बातमीत न येणारी इजा. बहुतेक घोड्यांची कारकीर्द संपते ती पुढच्या पायाच्या मागच्या बाजूच्या वरवरच्या कंडरेमुळे. रेसिंगमधले लोक "टेंडन गेलं" म्हणतात ते हेच. भरधाव धावताना ही कंडरा आपल्या तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ ताणली जाते आणि तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं. बाहेरून काही दिसत नाही, पण आतले धागे थोडे थोडे झिजत असतात. मग एके दिवशी गाभ्यात भोक पडतं.

हे आधी पकडायचं ते हाताने. रोज सकाळी, घोडा बाहेर काढायच्या आधी, पाय उचलून गुडघ्यात दुमडायचा, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून कंडरा वरपासून खालपर्यंत चिमटीत धरत जायचं. निरोगी कंडरा सुतळीसारखी कडक, कडा स्पष्ट. कुठे मऊ लागली, कडा बोथट लागली, जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली किंवा एकाच ठिकाणी दाबल्यावर घोड्याने पाय ओढला, तर त्या दिवशी धाव रद्द. घोडा लंगडत नाही म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. सुरुवातीला तो लंगडतच नाही, आणि सगळी चूक तिथेच होते. रोज त्याच माणसाने चाचपावं, कारण कालच्या पायाची आठवण त्याच्याच बोटांत असते.

इजा झालीच तर पहिले दोन-तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा वीस वीस मिनिटं गार पाणी किंवा बर्फ, दाहशामक औषध, आधाराची पट्टी आणि पूर्ण विश्रांती. अल्ट्रासाउंड आठवड्याभराने करावा, कारण पहिल्या काही दिवसांत भोक वाढत जातं आणि लवकर केलेला स्कॅन खोटा दिलासा देतो. मग हाताने धरून रोज दहा मिनिटं चालवणं, दर काही दिवसांनी पाच पाच मिनिटं वाढवत तीन महिन्यांत चाळीस मिनिटांपर्यंत. तिथून पाच मिनिटांची दुडकी. प्रत्येक टप्प्याआधी पुन्हा स्कॅन. शर्यतीला परत नऊ ते अठरा महिन्यांनी. भरून आलेला भाग मूळचा नसतो, तो व्रण असतो, कमी लवचीक. त्यामुळे ताण त्याच्या वरच्या-खालच्या निरोगी भागावर जातो आणि परतलेल्या घोड्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुन्हा इजा होते. घाई हेच त्यातलं मोठं कारण. चौथ्या महिन्यात घोडा चमकदार, सुजेचा मागमूस नाही, आणि ट्रेनर म्हणतो "आता ठीक आहे". कंडरेचे धागे तेव्हा अजून अस्ताव्यस्तच असतात.

आपल्याकडे बैलाला, घोड्याला डाग देतात, तसं तिकडेही टेंडनवर तापलेल्या सळईने डाग देत असत. त्याने कंडरा बळकट होत नाही. पूर्वी फायदा दिसायचा तो डागानंतर सक्तीने मिळणाऱ्या वर्षभराच्या विश्रांतीचा. स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) भोकात टोचण्याचा उपाय मात्र पुन्हा इजा होण्याचं प्रमाण खाली आणतो असं दिसलं आहे, तेही पूर्ण विश्रांतीच्या जोडीनेच.

त्याच पायाचं टेंडन दुसऱ्यांदा गेलं की घोडा थांबवावा, हे माझं ठाम मत. डेनमनने २००८ चा गोल्ड कप जिंकला, हृदयाच्या अनियमित ठोक्यांतूनही परत आला, आणि २०११ मध्ये टेंडन गेल्यावर त्याला निवृत्त केलं. बरोबर केलं. उडी मारताना घोडा सारखा एकाच बाजूला सरकू लागला, तर त्यालाही खोड समजू नका. तो बहुधा दुखरा पाय वाचवत असतो. रेड रमला खुरातल्या हाडाचा दाह होता. साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या पाण्यात सराव करून तो १९७३, १९७४ आणि १९७७ ची नॅशनल जिंकला. १९७८ मध्ये शर्यतीच्या आदल्या दिवशी बारीक चीर सापडली तेव्हा मालकाने आणि ट्रेनरने त्याला उतरवलं नाही. तो १९९५ पर्यंत जगला, तीस वर्षं, आणि एनट्रीच्या विजयरेषेजवळ पुरला आहे.

म्हणजे दहा-बाराव्या वर्षी थांबलेल्या घोड्यापुढे अर्ध्याहून अधिक आयुष्य असतं. ब्रिटनमध्ये २००० मध्ये सुरू झालेली रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही रेसिंगचीच संस्था याच कामासाठी आहे, आणि २०२२ पासून तिथे शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या कागदपत्रांत तो माणसाच्या खाण्यासाठी जाणार नाही अशी नोंद सक्तीची झाली. पण नोंदीने घोडा जगत नाही, त्याला सांभाळणारा माणूस लागतो.

रेसचा घोडा घेणाऱ्यांची पहिली चूक खाण्यात होते. सरावातला घोडा दिवसाला सहा-सात किलो दाणा खातो. तो एकदम बंद करू नका, दोन-तीन आठवड्यांत उतरवत न्या आणि वैरण वाढवा. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत लागतं, आणि ते दिवसभर थोडं थोडं समोर असावं. रेसच्या घोड्यांत पोटाचे व्रण फार आढळतात. खोगीर आवळताना चावायला येणारा, दाणा अर्धवट सोडणारा घोडा बहुधा दुखण्यामुळे तसं करतो. दुर्बिणीने पोट बघून महिनाभर औषध दिलं की स्वभाव बदलल्यासारखा वाटतो.

दुसरी चूक स्वारीत. या घोड्याला लगाम ओढला की थांबायचं असतं हे माहीतच नाही. त्याला लगामाचा ताण म्हणजे टेकून वेग वाढवण्याची खूण. जॉकी आखूड रिकिबीत उंच बसतो, त्यामुळे पोटाला लागलेली माणसाची पोटरी त्याला नवी असते. जॉकीला बहुधा चालत्या घोड्यावर कोणीतरी पाय धरून चढवतं, म्हणून उभं राहून स्वार चढू देणं हेसुद्धा शिकवावं लागतं. पहिले तीन महिने स्वारी करूच नका. नाल काढा, पाठीचे स्नायू सैल होऊ द्या, मग लांब दोरीवर चालीपासून सुरुवात करा.

कुरणात सोडतानाही जपा. कौटो स्टारने २००७ आणि २००९ चा गोल्ड कप जिंकला, शर्यतींत पडून, उठून कारकीर्द पूर्ण केली, आणि २०१५ मध्ये कुरणात पडून झालेल्या इजांमुळे गेला. वर्षानुवर्षं स्टॉलमध्ये राहिलेला घोडा पहिल्यांदा मोकळा झाला की वेड्यासारखा धावतो. म्हणून वारा नसलेला दिवस निवडा, आधी पोटभर वैरण द्या, छोट्या आवारात सोडा आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांत आत आणा. एकट्याला सोडू नका. तो रोज सकाळी वीस-तीस घोड्यांच्या रांगेत चाललेला असतो, एकटा पडला की कुंपणाच्या कडेने घाम फुटेपर्यंत फेऱ्या मारतो. एखादा म्हातारा, शांत तट्टू आधीपासून तिथे चरत असला तर तोही थोड्या वेळाने मान खाली घालून चरायला लागतो.